रविवारची कडी

मुलं त्याला पाठीमागे ‘कवळी सर’ म्हणत आणि समोर नुसतं ‘सर’. त्याला हे माहीत होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सोमवार ते शनिवार तो एका डेंटल लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवायचा आणि रविवारी सकाळी चर्चच्या मागच्या खोलीत शाळा-कॉलेजच्या वयाच्या मुलांना देवाविषयी शिकवायचा. दोन्ही कामांत समोरच्याने तोंड उघडणं महत्त्वाचं. लॅबमध्ये निदान उघड्या तोंडाचा साचा तरी हातात येई. वर्गात तोंडं उघडत ती जांभई द्यायला. एक मुलगा तर हे काम इतकं मन लावून करी की त्याचं नावच जांभई पडलं होतं.

वर्ग खरं तर त्याचा नव्हता, थोरल्या भावाचा होता. थोरला लिफ्ट दुरुस्त करायचा. आईवडील गेल्यावर धाकट्याला त्यानेच वाढवलं, शाळेत घातलं, सुट्टीत ‘टॉर्च धर’, ‘दार धर’ करत इमारतीइमारतींतून फिरवलं आणि शेवटी ओळखीने लॅबमध्ये चिकटवून दिलं. रविवारी हात घासून धुऊन, तरी नखांत थोडं ग्रीस ठेवून, तो मुलांपुढे उभा राहायचा. ‘रविवार म्हणजे नुसता तळमजला,’ तो सांगायचा. ‘माणसं लिफ्टमध्ये शिरतात, दार लावून घेतात, डोळे मिटतात आणि बटण न दाबताच बाहेर येतात. तोंड मात्र असं, की गच्चीवरून वारा खाऊन आले. अरे, उपासना सोमवारी सुरू होते, बटण दाबल्यावर!’ मुलं खिदळायची आणि पुढच्या रविवारी मित्रांना घेऊन यायची. खुर्च्या कमी पडायच्या.

मग थोरल्याला तो आजार झाला, ज्यात माणूस घरात असतो पण घर त्याच्या डोक्यात राहत नाही. नावं गेली, वर्षं गेली, आपण जेवलो की नाही हेही गेलं. हात तेवढे काही विसरले नाहीत. दार उघडं दिसलं की तो बाहेर पडे, दिसेल त्या इमारतीत शिरे आणि तिथली लिफ्ट दुरुस्त करायला घेई. एकदा समोरच्या इमारतीत, लिफ्ट खालीच असताना, त्याने वरच्या मजल्यावरचं तिचं दार उघडलं आणि आतल्या काळोखात वाकून ‘कोणी आहे का?’ अशा हाका मारत उभा राहिला. एका बाईने मागून शर्ट धरला म्हणून निभावलं.

एरवी दिवसभर त्याला सांभाळायला एक बाई येत. त्यांची सुट्टी रविवारी. त्यांनाही चर्चला जायचं असे, आणि त्यांना कोणत्या तोंडाने अडवणार? थोरल्याला बरोबर न्यायचाही प्रयत्न करून झाला होता. ऐन उपदेशात तो उठला, भिंतीवरच्या विजेच्या पेटीपाशी गेला आणि जाणकाराच्या सफाईने त्याने मुख्य बटण बंद केलं. उपदेश करणाऱ्या पाळकसाहेबांचा माइकवरचा आवाज गेला तो गेलाच. उपदेशाचा उत्तरार्ध कोणालाही ऐकू आला नाही. याचं कोणी फारसं दुःख केलं नाही, पण पद्धत चुकीची होती असं सर्वांचं मत पडलं. चर्चची मंडळी प्रेमळ होती, त्यामुळे तोंडावर कोणी काही बोललं नाही. पाळकांकरवी सांगितलं.

म्हणून धाकट्याने बाजारातून एक लोखंडी कडी आणली आणि स्वतःच्या हाताने दाराला बाहेरून ठोकली. रविवारी सकाळी तो भावाला खाऊ घाली, आत बसवी, कडी घाली आणि उपासना म्हणजे सगळं आयुष्य कसं, हे मुलांना शिकवायला जाई.

वाक्यं थोरल्याचीच असत. तोच तळमजला, तेच बटण. मुलं तेवढी हसत नसत. खुर्च्या आता उरू लागल्या होत्या, आणि पाळकसाहेब म्हणाले होते, ‘अशीच गळती राहिली तर वर्ग मोठ्यांच्या उपासनेत मिसळून टाकू. तुमच्याही डोक्याचा ताप जाईल.’ त्याने ‘मी बघतो’ म्हटलं. वर्ग गेला असता तर त्याला रविवारी घरी बसता आलं असतं, कडीची गरजच संपली असती. हे त्याला कळत होतं. पण दादाचं म्हणून जगात जे काही धड उरलं होतं ते त्या खोलीत होतं. शिवाय ते दोन तास त्या घराबाहेरचे होते. यातलं पहिलं कारण तो स्वतःला सांगे. दुसरं स्वतःहून आठवे.

एका रविवारी त्याने वर्ग वाचवायचाच असं ठरवलं.

‘सर, उपासना म्हणजे सगळं आयुष्य, मग मी आठवडाभर गाणीच म्हणायची का?’ गिटारवाल्याने विचारलं. हा चर्चमध्ये गिटार वाजवी आणि वर्गातही ती मांडीवरून उतरवत नसे.

‘तू नको म्हणूस,’ चष्मिश म्हणाली. ‘शेजारी देवावरचा विश्वास सोडतील.’ ही वर्गातली सगळ्यात तल्लख मुलगी. चष्म्यावरून बघून बोले, त्यामुळे प्रत्येक वाक्य तपासून दिल्यासारखं वाटे.

‘ऐका,’ सर म्हणाले. ‘या वेळी बोलणं नाही, बघणं. एक माणूस निवडा. आठवडाभर त्याच्याकडे नीट लक्ष द्या. देवाचं नाव न घेता तो उपासना कुठे करतो ते पुढच्या रविवारी सांगा.’

‘कोणीही चालेल?’

‘कोणीही.’

‘सगळ्यांत मिळून एकच चालेल?’ जांभईने विचारलं. कष्ट वाटून घ्यावेत हे त्याचं तत्त्व होतं.

‘चालेल की,’ सर म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या गळ्यात धोंडा बांधून मोकळे झाले.

लॅबच्या काचेतून समोरचं दुकान दिसे. मंगळवारी मेणात दात बसवता बसवता त्याची नजर वर गेली, तर चष्मिश तिथे उभी राहून एक थंड पेय पीत होती. दुपारी पुन्हा बघितलं तेव्हाही पीतच होती, आणि बाटली तेवढीच भरलेली. बसस्टॉपवर गिटारवाला भेटला, गिटारशिवाय, म्हणजे वेष पालटून. आणि घराच्या जिन्यात पायरीवर जांभई बसला होता. पाळतीचं काम तो डोळे मिटून करत होता.

‘इथे काय करतोस रे?’

‘अं? गृहपाठ.’ तो दचकला. ‘सर, तुम्ही माझ्याशी बोलायचं नाही. तुम्ही मला बघितलेलंच नाही असं ठरलंय.’

‘कोणी ठरवलं?’

‘चष्मिशने. मतदान घेतलं. तुम्ही बहुमताने निवडून आलात, सर. अभिनंदन.’

सरांनी हळूच विचारलं, ‘रविवारी सकाळी कोणाची ड्युटी आहे?’

‘तिचीच. तुमच्या दारापासून चर्चपर्यंत. म्हणाली, सगळ्यात सोपी ड्युटी तीच. सर काय, सरळ उपासनेलाच येणार.’

वर आल्यावर तो दाराकडे बघत उभा राहिला. आपण लावलेली कडी आपल्याला एवढी मोठी कधी दिसली नव्हती. मुलांना वाटे, थोरले सर आजारी असतात आणि त्यांच्यापाशी कोणीतरी बसलेलं असतं. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपलं धरून चालवलं होतं, आणि त्याने ते चालू दिलं होतं.

चष्मिशला ‘येऊ नको’ म्हणणं म्हणजे तिला पत्ता देऊन बोलावणंच. मग उरलं काय? आठवडाभर तो निमूटपणे चांगला वागला. बसमध्ये जागा दिली. जिन्यात भेटेल त्याची पिशवी उचलली, एकाची तर तो नको म्हणत असताना. लॅबमध्ये पॉलिशवाल्याने एक कवळी खाली पाडून तिचा कडेचा दात उडवला. एरवी याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. या वेळी ‘असू दे, होतं असं’ म्हणून स्वतः नवा दात बसवायला घेतला.

पॉलिशवाला घाबरून मालकाकडे गेला. मालक बाहेर आले.

‘दुसरीकडे नोकरी बघितलीस का?’

‘नाही हो.’

‘मग डॉक्टरने काही सांगितलंय का? खरं बोल. काल मला चहा आणून दिलास. तुझ्यासारखा माणूस उगीच चहा आणून देत नाही.’

‘सहज आणला.’

‘सहज?’ मालकांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. ‘पुन्हा सहज काही करू नकोस. लोकांचं कामात लक्ष लागत नाही.’

हे हसण्यावारी नेण्याजोगं होतं, आणि त्याला हसता येत नव्हतं. रविवारपुरता, दोन तासांपुरता, कोणीतरी भावापाशी बसणारा हवा होता, एवढंच. त्याने सांभाळणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘भाऊ, आठवडाभर तुमच्या दादांना धरून असते मी. एक दिवस देवाला धरू द्या.’ खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं. काकू चर्चच्या गायनवृंदात वरच्या पट्टीत गात. ‘रविवारी? अरे बाबा, रविवारी मी देवाची. सोमवारी सांग, जेवण करून आणून देईन.’ सोमवारी दादाचा प्रश्नच नव्हता. शेवटी तो पाळकसाहेबांकडे गेला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, ‘आपण त्यांना प्रार्थनेत ठेवू.’

मंडळीने थोरल्याला वर्षभर प्रार्थनेत ठेवलं होतं. तिथे तो अगदी सुखरूप होता. प्रश्न फक्त घरी कुठे ठेवायचा एवढाच होता.

शनिवारी संध्याकाळी त्याने भावाची दाढी केली. थोरला मान वर करून गुपचूप बसला होता. हनुवटीखाली वस्तरा फिरवताना धाकटा हळूच म्हणाला, ‘दादा, उद्या एका जागी बसशील? माझ्यासाठी? दोन तास. कडी घालणार नाही मी.’

थोरल्याने विचार केल्यासारखं केलं. ‘कुठल्या मजल्यावर?’ त्याने विचारलं.

धाकट्याने वस्तरा बाजूला ठेवला, मोरीत गेला, नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिला. देवा, मी कुठे कमी पडतोय ते तरी सांग, असं काहीतरी मागायचं त्याच्या मनात होतं. पण उत्तर आलं तर काय करायचं हे ठरत नव्हतं, म्हणून त्याने नळ बंद केला.

रविवारी सकाळी जायचं नाही असं त्याने ठरवलं. मग शर्ट घातला. वाडग्यात दूध-पाव कालवून भावाला दिला. थोरल्याने चार घास खाल्ले आणि चमचा काही परत दिला नाही, मुठीत घट्ट धरून ठेवला. ओढून घेतला असता तर आरडाओरडा झाला असता. तो दाराबाहेर आला. जिना खाली, वर, दोन्हीकडे बघितला. कोणी नव्हतं. आज चष्मिश आलीच नाही, या आनंदात त्याने इतक्या घाईने कडी सरकवली की बोट चेमटलं.

मग दारावर तळहात ठेवून तो डोळे मिटून ऐकत राहिला. आत चमच्याचं टोक लोखंडावर घासल्याचा आवाज सुरू झाला. दर रविवारी असंच सुरू व्हायचं. तो निघाला.

वर्गात मुलं नेहमीपेक्षा लवकर जमली होती. कोणीही जांभई देत नव्हतं, जांभईसुद्धा. एकेक जण उठून सांगू लागला. सरांनी बसमध्ये जागा दिली. सरांनी पिशवी उचलली, ती कोणाची हेही न विचारता. लॅबमध्ये कोणाचं तरी काम बिघडलं तर सर ओरडले नाहीत, आम्ही काचेतून बघितलं. ‘मी जिन्यात झोपलो तर सरांनी प्रेमाने उठवलं,’ जांभई म्हणाला. ‘उठवलं नसतं तर जास्त प्रेम दिसलं असतं, पण ठीक आहे.’

जे जे त्याने नाटक म्हणून केलं होतं ते ते मुलांना उपासना म्हणून दिसलं होतं. आणि मुलं हसत होती. खुर्च्या पुढे ओढून बसली होती. वर्ग वाचला होता. दादाच्या वेळी खोलीत असायची तसली ऊब खोलीत आली होती, आणि तिच्यात बसून त्याला थंडी वाजत होती.

चष्मिश तेवढी उठली नव्हती.

‘तुझी ड्युटी सांग ना,’ गिटारवाला म्हणाला. ‘आजची.’

ती उठली. ‘मी वरच्या जिन्याच्या वळणावर होते,’ ती म्हणाली. ‘सर बाहेर आले. त्यांनी दार लावलं. बाहेरून कडी घातली. मग दारावर हात ठेवून डोळे मिटून उभे राहिले. बराच वेळ.’ ती थांबली. ‘मला वाटलं, घरासाठी प्रार्थना करताहेत.’

‘वा,’ गिटारवाला म्हणाला.

इथे थांबता आलं असतं. मुलीने दार उघडून दिलं होतं, नुसतं मान हलवून बाहेर पडायचं होतं. त्याने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. तीस वर्षं तोंडंच बघत आला होता तो, आणि विश्वास ठेवलेलं तोंड कसं दिसतं ते विसरून गेला होता.

‘प्रार्थना नव्हती ती,’ तो म्हणाला. ‘ऐकत होतो.’

‘काय?’

‘आत दादा आहे.’

कोणाच्या तरी खुर्चीचा पाय करकरला.

‘थोरले सर?’ जांभई म्हणाला. ‘त्यांच्यापाशी कोणी असतं ना?’

‘नसतं. दर रविवारी कोंडून येतो मी त्याला. इथे येऊन तुम्हाला हे सगळं सांगायला.’ आवाज फुटला, तो त्याने खाकरून सांधायचा प्रयत्न केला. ‘गृहपाठ चुकला तुमचा. बाकीचं सगळं नाटक होतं. कडी तेवढी खरी.’

आता मुलं उठून जातील असं त्याला वाटलं. कोणी हललं नाही. चष्मिश अजून उभीच होती.

‘मला माहीत आहे, सर,’ ती म्हणाली.

‘काय माहीत आहे?’

‘तुम्ही गेल्यावर मी दारापाशी गेले. आतून कोणीतरी खरवडत होतं. मी विचारलं, कोण आहे? तर आतून आवाज आला, घाबरू नका. म्हणाले, आत किती जण अडकलात?’ तिने चष्मा काढला, त्यामुळे ती अचानक फार लहान दिसू लागली. ‘त्यांना वाटत होतं, मीच अडकलेय. लिफ्टमध्ये. मी म्हटलं, मी एकटीच आहे. तर म्हणाले, दाराला टेकू नका, आत्ता काढतो तुम्हाला.’

‘मग?’

‘कडी माझ्या हाताशी होती, सर. नुसती सरकवायची होती. आत जाऊन बसले असते तरी चाललं असतं.’ पुढचं बोलायच्या आधी तिने खोलीतल्या घड्याळाकडे बघितलं. ‘पण उपासनेला उशीर होत होता. म्हणून निघून आले.’

तिला बोल लावण्याच्या लायकीचं कोणी उरलं नव्हतं.

तो उठला आणि चालू लागला. व्हरांड्यात पाळकसाहेब झगा सावरत येत होते. ‘अहो, सुरू होतंय. कुठे निघालात?’

याला काहीतरी बाणेदार उत्तर देता आलं असतं. त्याला सुचलं नाही. ‘दादाला कोंडून आलोय,’ तो म्हणाला.

‘आपण त्यांना प्रार्थ...’ पाळकसाहेब म्हणाले आणि स्वतःच थांबले. बाजूला होऊन त्यांनी वाट दिली.

मागून पावलं वाजत होती. चष्मिश होती आणि जांभई होता. गिटारवाला फाटकापर्यंत आला. पहिलं गाणं त्याचं होतं. तो तिथेच गिटार छातीशी धरून उभा राहिला, पुढेही येईना आणि मागेही जाईना. बाकीचे आले नाहीत.

तिघं जिना चढले. दारामागे खरवडणं अजून चालूच होतं. धाकट्याने कडी काढली आणि दार एकाएकी त्याच्या अंगावर कललं. खालची बिजागरी पार सुटली होती, वरची एका स्क्रूवर लोंबत होती. दर रविवारी स्क्रू थोडे थोडे सैल करत थोरल्याने काम इथवर आणलं होतं. धाकट्याने आवाज ऐकला होता, बिजागरीकडे कधी बघितलं नव्हतं. चमच्याचं टोक वाकडं झालं होतं. बोटांची टोकं सोलून रक्त आलं होतं, पायजमा ओला झाला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर कामात असलेल्या माणसाची शांतता होती.

‘घाबरू नका,’ तो जिन्यातल्या मुलांना म्हणाला. ‘एकेक करून बाहेर या. ढकलाढकली करायची नाही.’

चष्मिश पुढे झाली. थोरल्याने तिचा हात धरून तिला उंबऱ्यावरून आत घेतलं. ‘बाहेर,’ तो म्हणाला. मग जांभईला घेतलं. मग त्याने मुलांच्या डोक्यांवरून रिकाम्या जिन्याकडे बघितलं, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

‘अजून एक जण आहे.’

‘दादा, नाही कोणी. झालं सगळं. चल, कपडे बदलू.’

‘आहे आत. बोलत नाहीये तो,’ थोरला म्हणाला आणि वाकड्या चमच्याने वरच्या स्क्रूला भिडला. हात धरू गेलं तर त्याने झिडकारला. रक्त चमच्यावरून मनगटावर आलं. ‘बघतोस काय? दार धर!’

धाकट्याने दार धरलं. लहानपणी धरायचा तसंच, खांदा लावून, दोन्ही हातांनी. चर्च लांब होतं, इथवर गाणं ऐकू येत नव्हतं.

‘सर,’ चष्मिश म्हणाली, ‘पुढच्या रविवारी काय करायचं?’

दाराचं वजन सगळं त्याच्यावर आलं होतं.

‘आधी पाणी आण,’ तो म्हणाला. ‘कोमट.’